टाकीवरचे नाव आणि कागदावरचे नाव

रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडच्या पुढे, हिरकणीवाडी ही लहानशी वस्ती आहे. १९९६ साली गडावर जाणारा रज्जुमार्ग सुरू झाला. त्याचे खालचे स्थानक येथे असल्यामुळे या वाडीचे नाव महाराष्ट्रभरच्या पर्यटकांच्या तोंडी आले. पर्यटक येतो, गड पाहतो आणि परत जातो. वाडीतल्या माणसाला मात्र रोजच्या व्यवहारासाठी सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे महाड गाठावे लागते. मोठा दवाखाना, तहसील कचेरी, महाविद्यालय, औद्योगिक वसाहतीतील पाळीची नोकरी हे सारे तिकडे. एस.टी.च्या फेऱ्या ठरावीक वेळेच्या, आणि कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक वीर. अशा ठिकाणी मोटारसायकल ही हौस उरत नाही. ती घरातली कमावती वस्तू होते.

नवी मोटारसायकल प्रत्येकाच्या आवाक्यात नसते. म्हणून महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर जुन्या गाड्यांचा व्यवहार मोठा चालतो. या व्यवहाराची दुसरी बाजू बाजारपेठेत असते. दुकानदाराच्या मुलाने नवी गाडी घेतली की जुनी गाडी दुकानातल्या कामगाराला, ओळखीच्या गिऱ्हाइकाला किंवा एखाद्या मिस्त्रीमार्फत गावाकडे दिली जाते. म्हणजे व्यापारी कुटुंबे या बाजारात घेणारी कमी आणि देणारी अधिक असतात. देणाऱ्याची जबाबदारी कोठे संपते, हा प्रश्न त्यामुळे त्यांच्यासाठी महत्त्वाचा ठरतो.

प्रत्येक मोटारसायकलीला दोन नावे असतात. एक टाकीवर रंगवलेले, कंपनीचे. दुसरे नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेले, मालकाचे. पहिल्या नावावरून चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद रंगतात. दुसरे नाव गाडी चार हात फिरली तरी पुष्कळदा तसेच राहते. जुन्या गाडीचे बरेवाईट मात्र या दुसऱ्या नावावरच ठरते.

निष्ठा कशी जडली

कंपनीच्या नावावरची भारतीय ग्राहकाची निष्ठा टंचाईच्या काळात रुजली. परवान्यांच्या युगात उत्पादन सरकारने ठरवून दिलेल्या मर्यादेत होत असे. पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज ऑटो प्रारंभी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा बनवत असे. ते सहकार्य १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली. नोंदणी केल्यावर गाडी हाती येण्यास कित्येक वर्षे लागत. पुढे राज्य सरकारचे विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीतून साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना उभा राहिला. तेथील ‘प्रिया’लाही तशीच मागणी होती. त्या काळात वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या किमतीहून अधिक भावाने विकली जाई. आजच्या तरुणाला हे खरे वाटणार नाही, परंतु माल कमी आणि गिऱ्हाईक फार असले की भाव कोठे जातो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

याच काळात जैन समाजातील, मूळच्या अहमदनगरच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ‘लुना’ बाजारात आणली. पन्नास सीसीचे इंजिन, पायडल मारून सुरू होणारी, सायकलीपेक्षा थोडी वरची आणि स्कूटरपेक्षा पुष्कळ स्वस्त अशी ही गाडी होती. शिक्षक, टपाल कर्मचारी, दूधवाले आणि लहान दुकानदार यांना तिने स्वतःचे पहिले वाहन दिले. अनेक घरांत ‘लुना’ हा मोपेडचा समानार्थी शब्दच होऊन बसला.

१९८४ हे वर्ष दुचाकींच्या इतिहासात वळणाचे ठरले. जपानच्या होंडा कंपनीने भारतात दोन भागीदार निवडले. मोटारसायकलींसाठी हिरो आणि स्कूटरसाठी कायनेटिक. १९८५ मध्ये ‘हिरो होंडा सीडी १००’ आली. चार-स्ट्रोक इंजिनामुळे पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची कटकट नव्हती आणि एका लिटरमध्ये गाडी जेवढे अंतर जाई, ते तोवर कोणी पाहिले नव्हते. १९९४ मध्ये तिच्या पुढची ‘स्प्लेंडर’ आली. इकडे बटण दाबून सुरू होणारी, गिअर न बदलावी लागणारी कायनेटिक होंडा शहरांतल्या स्त्रियांच्या व प्रौढांच्या पसंतीस उतरली. १९८५ सालीच आलेल्या ‘यामाहा आरएक्स १००’ने वेगाच्या चाहत्यांचा निराळा पंथ निर्माण केला. तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी चांगल्या स्थितीतल्या गाडीला आजही हौशी गिऱ्हाईक चढा भाव देते.

नाव बदलले तरी गिऱ्हाईक का राहिले?

होंडाने कायनेटिकशी असलेली भागीदारी १९९८ मध्ये सोडली, तर हिरोशी असलेली भागीदारी संपत असल्याची घोषणा डिसेंबर २०१० मध्ये झाली. दोन्ही ठिकाणी विश्वासाचे जपानी नाव गेले, परंतु पुढची कथा सारखी झाली नाही. होंडाने २००१ मध्ये स्वतःची ‘ॲक्टिव्हा’ आणली आणि कायनेटिकची जागा तिने घेतली. कायनेटिकने २००८ मध्ये आपला दुचाकी व्यवसाय महिंद्रकडे सोपवला. हिरोचे ग्राहक मात्र टिकले. टाकीवरचे ‘हिरो होंडा’ पुसून ‘हिरो’ झाले, तरी स्प्लेंडरचा खप देशात अग्रभागी राहिला.

याचे एक मोठे कारण कारखान्याबाहेर, रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये शोधता येते. तालुक्याच्या गावातल्या प्रत्येक मिस्त्रीचा हात त्या इंजिनावर बसलेला होता. क्लचप्लेट, चेनसेट, केबल, ब्रेकशू हे सुटे भाग लहान दुकानातही मिळत. गाडी विकायची झाली तर दोन दिवसांत गिऱ्हाईक मिळे. या तीन गोष्टी जाग्यावर होत्या, तोवर टाकीवरची अक्षरे बदलल्याने कोणाचे काही अडले नाही.

हिरकणीवाडीसारख्या ठिकाणी तर ही गोष्ट अधिकच खरी. पावसाळ्यात कोसळता पाऊस, चढउताराचा वळणदार रस्ता, मागे एक माणूस आणि पुढे पिशव्या. गाडी वाटेत बंद पडली तर कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र तेथे येत नाही; नाते किंवा पाचाडचा मिस्त्री येतो. तो ज्या गाडीला ओळखतो, ती गाडी चांगली. मामाकडे, चुलत्याकडे, शेजाऱ्याकडे एकाच कंपनीची गाडी असण्यामागे हा विचार असतो. त्याला आंधळी निष्ठा म्हणणे अन्यायाचे होईल.

निष्ठेची मर्यादा जुनी गाडी घेताना उघडी पडते. ‘या कंपनीचे इंजिन मरत नाही’ एवढ्या बोलण्यावर लोक गाडी न तपासता पैसे मोजतात. कंपनीचे नाव हे गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाची हमी असते. त्यानंतरची दहा वर्षे ती कोणाच्या हाती होती, तेल वेळेवर बदलले की नाही, ती कोठे आपटली, कोठे बुडाली, यांतले काहीही ते नाव सांगत नाही.

बुडालेली गाडी

बुडण्याचा उल्लेख महाडच्या संदर्भात अलंकारिक नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. बाजारपेठेतली दुकाने, गोदामे आणि तळमजले पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. त्या दुःखापुढे वाहनांचे नुकसान गौण होय. तथापि दारात उभ्या असलेल्या असंख्य दुचाकी त्या पुरात बुडाल्या, आणि बुडालेली गाडी धुऊन, पुसून, रंग मारून पुन्हा बाजारात येऊ शकते.

पुरात बुडालेली गाडी ओळखण्याच्या खुणा आहेत. आसन काढून खालचे पत्रे, नटबोल्ट आणि वायरिंगचे जोड पाहावेत. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर असेल तर पाणी आत गेलेले असते. हेडलाइटच्या काचेच्या आत गाळाची रेघ राहते. एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात सुकलेली माती सापडते. इंजिनाचे तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलेले आहे असे समजावे. २०२० च्या एप्रिलपासून नव्या प्रदूषण मानकांच्या गाड्यांत कार्बुरेटरची जागा बहुतांशी इंधन-इंजेक्शनने घेतली. अशा गाडीत सेन्सर आणि नियंत्रक पेटी असल्यामुळे बुडाल्यावरचा खर्च जुन्या गाडीपेक्षा पुष्कळ अधिक येतो.

येथे विम्याचाही संबंध येतो. कायद्याने सक्तीचा आहे तो त्रयस्थ पक्षाचा विमा. तो समोरच्याचे नुकसान भरून देतो. पुरात बुडालेल्या स्वतःच्या गाडीसाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा वेगळा विमा लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे ‘विमा चालू आहे’ असे विक्रेत्याने सांगितले तरी तो कोणत्या प्रकारचा, हे पाहिलेच पाहिजे.

भाव आणि हप्ता

जुन्या गाडीचा भाव सांगणाऱ्याच्या तोंडून ठरतो असे वाटते, पण त्याला एक अधिकृत आधारही आहे. विमा कंपन्या गाडीचे घोषित मूल्य ठरवताना प्रचलित कोष्टकानुसार घसारा धरतात. एक वर्ष पूर्ण होऊन दुसरे चालू असता २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के. बाजारभाव याहून खाली-वर असतो, परंतु मागितलेल्या किमतीची पारख करण्यास हे माप उपयोगी पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हेही ध्यानात घ्यावे. नव्याची किंमत उतरली की जुन्याची उतरलीच पाहिजे. जुन्या बिलाकडे बोट दाखवून सांगितलेला भाव मान्य करू नये.

कर्ज काढून जुनी गाडी घेणाऱ्यांची फसगत बहुधा व्याजाच्या शब्दात होते. समजा, ३६,००० रुपयांचे कर्ज दोन वर्षांसाठी ‘सरळ १२ टक्के’ दराने मिळाले. व्याज ८,६४० रुपये आणि मासिक हप्ता १,८६० रुपये. आकडा साधा दिसतो. परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ३६,००० वर आकारलेले असते. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला २१ टक्क्यांहून अधिक होतो. बँकेचा घटत्या शिलकेवरचा १४ टक्क्यांचा दर कानाला जड वाटला तरी तो याहून पुष्कळ स्वस्त असतो. दुकानातल्या कामगाराला गाडीसाठी कोणी कर्ज सुचवत असेल, तर मालकाने त्याच्याबरोबर बसून हा हिशेब एकदा कागदावर मांडून दिला, तरी मोठी मदत होईल.

कागदावरचे नाव

आता मुख्य मुद्दा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे वाहन त्याच राज्यात विकले गेले तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. बाजारात यांनाच ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. महाड-पोलादपूरच्या एमएच ०६ क्रमांकाच्या गाड्यांचे परिवहन कार्यालय पेणला. तेथवर जाण्याचा कंटाळा, दलालाचा खर्च आणि ‘आपलाच माणूस आहे’ हा विश्वास यांमुळे पुष्कळदा कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून गाडी दिली जाते. देणारा समजतो की गाडी गेली. कायद्याच्या नजरेत ती त्याच्याच दारात उभी असते.

याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील एका निकालाने दाखवून दिले. त्या प्रकरणात मूळ मालकाने वाहन २००७ मध्ये विकले होते. पुढे ते एकामागून एक अनेकांच्या हाती गेले, परंतु नोंदणी कोणीही बदलली नाही. २००९ मध्ये त्या वाहनाचा अपघात होऊन एकाचा मृत्यू झाला. वाहनाचा विमाही नव्हता. भरपाई कोणी द्यावयाची, असा प्रश्न आला. उच्च न्यायालयाने अखेरच्या ताबेदाराला जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईही त्याचीच, असा निर्णय झाला. पीडित कुटुंबाने विक्रीच्या साखळीतला प्रत्येक माणूस शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, हे त्यामागचे तत्त्व होते.

व्यापारी कुटुंबांनी हा निकाल आपल्या घरातल्या स्थितीशी ताडून पाहावा. दुकानाची जुनी गाडी सहा वर्षांपूर्वी एखाद्या कामगाराला दिली. त्याने ती मेहुण्याला दिली. मेहुण्याने विमा भरला नाही. घाटाच्या वळणावर कोणी गाडीखाली आले, तर नोटीस दुकानाच्या पत्त्यावर येईल. विक्रीची पावती दाखवून तीतून सुटका होईलच असे नाही. आणि ज्याचा कर्ता माणूस गेला त्या घराला भरपाई मिळेपर्यंत किती फेऱ्या माराव्या लागतील, तेही पाहावे.

म्हणून गाडी देताना पुढील गोष्टी पाळाव्यात. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि दिनांक आपल्यासमोर भरून घ्यावा. गाडी ताब्यात दिल्याची वेळ व तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. जुने ई-चलान भरून टाकावे. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ घेऊन नोंदणीतला नजरगहाणाचा बोजा उतरवावा. हप्ते फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरला, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. विमा कंपनीलाही कळवावे. पॉलिसी गाडीबरोबर जाते, परंतु दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत मालकाची असते. ती राखून ठेवून आपल्या नव्या गाडीसाठी वापरता येते. आणि नोंदणीवर नवे नाव चढल्याचे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहिल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे मानू नये.

घेणाऱ्याने इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी अक्षर न अक्षर ताडून पाहावा. गाडी थंड असताना पहिली किक स्वतः मारावी; विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर तासाभराने पुन्हा यावे. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळते, आणि बोअरचा खर्च उभा आहे असे धरावे. मीटर वीस हजार दाखवीत असेल आणि पायाखालचे रबर व ब्रेकचा पाय गुळगुळीत झाला असेल, तर मीटरपेक्षा रबर खरे बोलते. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी पुढच्या वर्षीचे नूतनीकरण घेणाऱ्याच्याच गळ्यात पडते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवली आहे काय, तेही पाहावे.

आणखी एक गोष्ट घरोघर आढळते. वडील जातात आणि त्यांच्या नावाची गाडी वर्षानुवर्षे तशीच चालत राहते. वारसाने तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यावयाची असते. ते झालेले नसेल तर अशा गाडीची विक्री पुढे रखडते.

जुन्या वाहनांचा व्यापारच करणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून परिवहन विभागाचे अधिकारपत्र आवश्यक आहे. अशा अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची सूचना पोर्टलवर दिली की पुढची विक्री होईपर्यंत तोच मालक मानला जातो. कोऱ्या फॉर्मचा मार्ग या नियमामुळे अनावश्यक झाला आहे. जीएसटी-नोंदणीकृत व्यापाऱ्याला वापरलेल्या वाहनाच्या विक्रीवर १८ टक्के कर केवळ नफ्याच्या रकमेवर लागतो. व्यवसायाच्या वह्यांत घसारा धरलेल्या गाडीचा नफा म्हणजे विक्रीची किंमत वजा वह्यांतील उरलेले मूल्य. ते वजा आले तर कर नाही.

श्रावकाचा व्यवहार

हे सारे कायद्याचे झाले. जैन गृहस्थाला यातले पुष्कळ काही परिवहन कार्यालयाच्या कितीतरी आधी सांगितले गेले आहे. तत्त्वार्थसूत्रात अणुव्रतांचे अतिचार मोजताना सत्याणुव्रताखाली कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे येते. मागील तारखेची विक्रीची पावती किंवा कोऱ्या फॉर्मवर दुसऱ्याने भरलेला मजकूर याला दुसरे नाव देता येणार नाही. अचौर्याणुव्रताखाली तदाहृतादान म्हणजे चोरून आणलेला माल घेणे येते. चासी क्रमांक न पाहता स्वस्तात गाडी घेणारा त्या वाटेवर पाऊल ठेवतो. त्याच व्रताखाली प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल खपवणे येते. बनावट सुटे भाग, मागे फिरवलेले मीटर आणि रंग मारलेली बुडालेली गाडी, तिन्ही त्यात बसतात. आणि परिग्रहाची मर्यादा मानणाऱ्या घरात चालती गाडी केवळ नवी आली म्हणून टाकून न देता गरजवंताला योग्य भावात देणे, हा व्यवहार मुळातच चांगला आहे. तो अर्धवट सोडला तर मात्र त्यातले पुण्य कमी आणि धोका जास्त.

महाडच्या पेढीवरून हिरकणीवाडीला गेलेली जुनी मोटारसायकल त्या घराचा पाळीचा पगार, मुलीचे महाविद्यालय आणि आजारी माणसाचा दवाखाना असते. टाकीवर कोणत्या कंपनीचे नाव असावे हे वाडीतला मिस्त्री सांगेल. कागदावर कोणाचे नाव असावे याची काळजी मात्र गाडी देणाऱ्याने, किल्ली हातात ठेवण्यापूर्वी घ्यावयाची आहे. ज्यांच्या घरातून एखादी गाडी पूर्वीच गेली असेल, त्यांनी तिचा क्रमांक आठवून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर आजच पाहावा. नाव अजून आपलेच निघाले तर घेणाऱ्याला बोलावून, पेणच्या कार्यालयाचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेऊन, ते काम या महिन्यात पुरे करावे.